क्लच जड आहे

८ जून

मेहुणेबुवा,

माझं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन न करता लिहितोय त्याला कारण तुझी ताई. आपण दोघं फोनवर बोलायला लागलो की ती पलीकडच्या खोलीतून निकाल देते. मला या बाबतीत निकाल नकोय, सल्ला हवाय.

तर मी एक मोटारसायकल घेतली आहे. हसून झालं की पुढे वाच. गाडी जुनी आहे, माझ्या लग्नाहूनही जुनी. एका गिऱ्हाइकाचं टोल्यांचं घड्याळ नीट करून दिलं, तो पाकीट काढायला लागला, तेवढ्यात त्याच्या शेडमध्ये मला ही दिसली. सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. मी म्हटलं, पाकीट राहू दे, ही दे. कोंबडी त्याने ठेवून घेतली.

मार्चपासून मी तिच्यामागे आहे. दुकान हल्ली फक्त संध्याकाळी उघडतो. टाकी रंगवली, वायरिंग नवं केलं, कार्बुरेटर उकळून साफ केला. इंजिन चालू होतं आणि आवाजही बरा आहे. घोडं अडलंय क्लचपाशी. लिव्हर पूर्ण दाबून धरला आणि गिअर टाकला तरी गाडी उडी मारते. परवा अंगणात अशीच उडी मारून कपड्यांचा स्टँड घेऊन भिंतीवर गेली. स्टँडवर तुझ्या ताईची पांढरी चादर होती. टायरची नक्षी त्या चादरीवर इतकी स्पष्ट उमटली आहे की दुकानदाराला दाखवून तसलाच टायर मागता येईल.

आता जरा गंभीरपणे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बारीक कामं केली. एक मोठं काम हातून पुरं व्हावं, तुझ्या ताईला मागे बसवून तलावापर्यंत जाऊन यावं, एवढीच इच्छा आहे. ते जमलं नाही तर मला मनापासून लागेल. तू चेष्टा करणार हे ठाऊक आहे. जरूर कर, पण हे लक्षात ठेवून कर.

तुझा,
दाजी


१५ जून

दाजी,

तुम्हाला नमस्कार आणि चादरीबद्दल ताईचं सांत्वन.

आयुष्यभर बसगाड्यांचे क्लच उघडणाऱ्या माणसाला तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. आगारात मी तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. कोंबडीपाशी सगळे थांबले, पुढे वाचायला पाच मिनिटं लागली. एक जण विचारत होता की घड्याळजी गाडीचे नट चिमट्याने उचलतात का. मी म्हटलं, उचलत असतील, आमचे दाजी काहीही करू शकतात.

तुमचं दुखणं सोपं आहे. क्लचमध्ये प्लेटांची चळत असते, एक इंजिनाची, एक चाकाची, अशी आलटून पालटून. लिव्हर दाबला की त्या सुट्या व्हायला हव्यात. तुमच्या प्लेटा इतकी वर्षं नुसत्या बसून राहिल्यात, भिजून वाळलेल्या रद्दीसारख्या एकमेकींना चिकटल्या असणार. तुम्ही लिव्हर दाबता, पण आत कोणी कोणाला सोडत नाही.

कव्हर उघडा, प्लेटा एकेक करून सोडवा, स्वच्छ करा. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून बघा. डुगडुगली तर वाकली आहे, ती बदला. परत बसवताना लिव्हरला थोडी ढील ठेवा, नाण्याच्या जाडीएवढी. आणि कव्हर उघडण्याआधी खालचं तेल काढून घ्या. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्या घड्याळांत अर्धा थेंब तेल असतं आणि यात लिटरच्या मापाने असतं.

तलावाचं लक्षात ठेवलंय. गाडी चालेल, माझा शब्द.

मेहुणा


२ जुलै

मेहुणेबुवा,

तेल काढायचं तू लिहिलं होतंस. किती मोठं भांडं ठेवायचं ते लिहिलं नव्हतंस. अंगणाची फरशी आता कायमची चकाकणार आहे.

बाकी तुझं खरं निघालं. प्लेटा अशा चिकटल्या होत्या की पातळ सुरी घालून सोडवाव्या लागल्या. सपाट काच म्हणून तुझ्या ताईच्या कपाटाचा आरसा काढून आणला. दोन प्लेटा वाकड्या निघाल्या, त्या बदलल्या. आरसाही बदलला, पण त्यात माझा दोष नाही, तो जुनाच होता.

आता लिव्हर दाबला की गाडी जागची हलत नाही, गिअर गुपचूप पडतो. म्हणजे पहिलं दुखणं गेलं. दुसरं सुरू झालंय. क्लच अतिशय जड आहे. एवढा जड की दाबून धरताना दात आवळावे लागतात. यात एक विचित्र गोष्ट आहे. सकाळी पहिल्यांदा दाबला तर त्यातल्या त्यात बरा असतो. आठ-दहा वेळा दाबला की जड होत जातो, आणि मग पुरता आत जातच नाही. असा क्लच घेऊन रस्त्यावर कसा जाऊ? चौकात धरून ठेवता आला नाही तर समोरच्याच्या अंगावर जायचो.

लवकर लिही. पावसाळा संपला की निघायचं असं मी घरात बोलून बसलोय.

दाजी


९ जुलै

दाजी,

ताईचा आरसा, ताईची चादर, ताईची फरशी. तुमची गाडी पुरी होईपर्यंत घरात ताईशिवाय काही शिल्लक राहील असं वाटत नाही.

जड क्लच म्हटलं की पहिला संशय केबलवर. केबल आत गंजली असेल किंवा टाकीखालून वळवताना तुम्ही ती काटकोनात मुरडली असेल. वरचं टोक सोडवा, त्याला कागदाचं नरसाळं बांधा आणि दिवसभर तेल झिरपू द्या. तेवढ्याने भागलं नाही तर नवी घाला आणि तिला ऐसपैस वळण द्या. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, कुठे ताणली जात नाही ना.

वापरता वापरता जड होतो ही मात्र गमतीची तक्रार आहे. याचा अर्थ काहीतरी तापून फुगतंय. इंजिन किती वेळ चालू असतं ते कळवा.

मेहुणा


२१ जुलै

मेहुणेबुवा,

केबलला तेल पाजलं. फरक नाही. नवी घातली. फरक नाही. ऐसपैस वळण म्हणतोस, आता ती अशी डौलात वळली आहे की बघणाऱ्याला वाटावं शोभेसाठी लावली आहे. क्लच तेवढाच जड.

इंजिनाचं विचारलंस, तर ते बंदच असतं. मी नुसता गाडीवर बसून लिव्हर दाबतो नि सोडतो, सवय व्हावी म्हणून. तरीही हळूहळू जड होतो. मला काही उमगत नाही.

खरं सांगायचं तर थोडा खचलोय. वरवर बघणाऱ्याला वाटतं म्हाताऱ्याला खेळणं सापडलं. तसं नाही रे.

दाजी

ता. क. हे मी लिहितेय, तुझी ताई. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून कळलं तुमचं काय चाललंय. काल कपडे वाळत घालता घालता मी तो दांडा दाबून बघितला. त्यात काही जड नाही. तुम्ही दोघं उगाच माझ्या अंगणात कारखाना मांडून बसला आहात. तुझा खोकला कमी झाला का ते कळव.


३० जुलै

दाजी,

ताईला सांगा, खोकला गेला.

आणि क्लचच्या बाबतीत तिची साक्ष धरू नका. लहानपणी तिने माझा डावा कान एवढा ओढलाय की आजही दोन्ही कान सारखे नाहीत, आरशात बघतो तेव्हा दिसतं. त्या हाताला जगातला कुठलाच क्लच जड लागणार नाही.

पण तुमची तक्रार मला झोपू देत नाही. इंजिन बंद म्हणजे तापायचा प्रश्न नाही. केबल नवी. राहिल्या स्प्रिंगा आणि प्लेटा सोडवणारी मधली दांडी, पुशरॉड. मागच्या मालकाने दुसऱ्या कुठल्या गाडीच्या दणकट स्प्रिंगा घातल्या असतील. चारही काढून उंची मोजा. पुशरॉड त्या नव्या आरशावर लोळवून बघा, सरळ आहे का ते. ताई घरात नसताना.

आणि एक करा. लिव्हरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर असा फिरवा की तो हँडलच्या बरोबर वर येईल. मग त्याच्या टोकाला पिशवी लटकवा आणि तिच्यात थोडी थोडी वाळू घालत जा. लिव्हर हँडलला टेकला की थांबा, पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि वजन कळवा. मग दहा-बारा वेळा लिव्हर दाबून पुन्हा तेच करा. 'फार जड', 'अतिशय जड' हे सगळं मी वाचलं, आता मला आकडा हवा. तुम्ही जन्मात घड्याळ खोटं लावलं नाहीत, तेव्हा आकडाही खरा येईल.

मेहुणा


१२ ऑगस्ट

मेहुणेबुवा,

स्प्रिंगा चारही सारख्या. पुशरॉड सरळ. वाळूची पिशवी, साडेसात किलो. बारा वेळा दाबून पुन्हा मोजलं, साडेसात किलोच. दुसऱ्या दिवशीही तेवढंच.

क्लच अजून जड आहे.

दाजी


२० ऑगस्ट

दाजी,

आज चेष्टा करणार नाही, माफ करा.

साडेसात किलो म्हणजे उत्तम क्लच. त्या जातीच्या गाडीला तो याहून हलका नसतोच. आगारात आम्ही अशीच एक जुनी गाडी उभी ठेवली आहे, तिला पिशवी लटकवली, तिचा लिव्हर आठ किलोवर टेकला. आणि तुमची वाळू आधी जेवढी, बारा वेळा दाबल्यावरही तेवढीच. म्हणजे क्लच जड होत नाहीये. तुम्ही क्लच खोललात, केबल बदललीत, प्लेटा, स्प्रिंगा, पुशरॉड सगळं तपासलंत. लिव्हरच्या एका बाजूचं सगळं बघून झालं. दुसऱ्या बाजूला फक्त तुमचा डावा हात आहे.

तो कसा आहे, दाजी?

आमच्याकडे एक ड्रायव्हर होता. खिडकीत कोपर टेकवून गाडी चालवायची त्याची सवय. आधी करंगळी बधिर झाली, तो म्हणाला थंडीमुळे. मग हाताचा जोर कमी झाला, तो म्हणाला वयामुळे. कोपरापाशी नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतास तर हात पुरता वाचला असता. आता त्याला शर्टाचं बटण लावायला दुसरं माणूस लागतं.

तुम्ही कामाला बसता ते मला डोळ्यांपुढे दिसतंय. डावा कोपर टेबलावर, डाव्या हाताच्या चिमटीत घड्याळ, भिंगातला डोळा त्याच्यावर. चाळीस वर्षं. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता सांगतो ते करा. डावा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये एक कागद धरा आणि उजव्या हाताने ओढा. मग हात बदलून तसंच करा. फरक दिसला तर लगेच डॉक्टरकडे जा. ताईला मी काही सांगत नाही, ते तुम्ही सांगायचं. पण तुमच्या पुढच्या पत्रात डॉक्टरांनी काय सांगितलं ते नसेल, तर मी फोन करीन, आणि फोन कोण उचलतं ते तुम्हाला माहीत आहे.

मला भीती वाटतेय, दाजी. म्हणून असं लिहिलं.

मेहुणा


४ सप्टेंबर

मेहुणेबुवा,

कागद डाव्या हातातून अलगद निघून आला. मी ओढला असंही म्हणता येणार नाही.

तू ओळखलंस तेव्हा आधी राग आला, मग इतकं हलकं वाटलं की टेबलावरच डोकं टेकून बसलो. आता सगळं सांगतो. गेल्या खेपेला दिवाणखान्यातल्या गप्पांत तू विचारत होतास की हल्ली मनगटी घड्याळं का घेत नाही, नुसती भिंतीवरची का घेतो. मी म्हटलं होतं, कंटाळा आला. कंटाळा नाही. बायकांची छोटी घड्याळं डाव्या चिमटीतून सुटायला लागली होती. एकदा एक बारीक स्क्रू धरला आहे असं समजून मी काम करत राहिलो, बघतो तर चिमटीत काहीच नाही. बोटांना कळलंच नव्हतं. तो स्क्रू मी गुडघ्यांवर बसून शोधला, आणि सापडल्यावर दुकानाचं शटर ओढून घेतलं.

मोटारसायकल मी त्यासाठी घेतली. तिचे नट मोठे असतात, हातातून पडत नाहीत, आणि पडले तर आवाज होतो. वाटलं, या हातांनी अजून काहीतरी होतंय. पाना धरता येत होता, रंग देता येत होता, कोणाला काही कळत नव्हतं, मलासुद्धा. मग त्या लिव्हरने घोळ केला. प्रत्येक वेळी तुझं पत्र आलं की वाटायचं, या खेपेला क्लचमध्येच काहीतरी सापडेल. पुशरॉड सरळ निघाला तेव्हा मी किती नाराज झालो ते तुला सांगून पटणार नाही. वाळू मोजताना दोन किलो जास्त लिहावेत असंही मनात आलं होतं. हात धजला नाही.

डॉक्टरकडे जाऊन आलो. कोपरापाशीच आहे, तू म्हणालास तसंच. नस मोकळी करायला ऑपरेशन करावं लागेल. उशीर झालाय पण फार नाही, असं ते म्हणाले. किती जोर परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. थोडा येईल, पुष्कळ येईल, काहीच येणार नाही, तिन्ही शक्य आहे.

तुझ्या ताईला अजून सांगितलेलं नाही. आज सांगतो. तू बाहेरगावी असतोस, नशीबवान आहेस.

दाजी


१९ सप्टेंबर

बाळ्या,

यांचं ऑपरेशन काल झालं. ठीक आहेत. हात गळ्यात बांधलाय आणि तोंड मोकळं आहे, त्यामुळे नर्सना त्यांच्या घड्याळांबद्दल सल्ले देणं चालू आहे.

आता तुमच्या दोघांबद्दल. तुम्ही दोघांनी मिळून तो क्लच किती वेळा उघडलात? केबल झाली, स्प्रिंगा झाल्या, माझा आरसा झाला. पत्रांवर पत्रं गेली. हात उघडून बघावा असं दोघांपैकी एकालाही ऑगस्टपर्यंत सुचलं नाही. जुलैत मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की दांडा जड नाही. तेव्हा काय केलंस? माझी टिंगल.

मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. बाटलीची झाकणं माझ्याकडे यायला लागली होती. बाहीचं बटण लावायचं सोडून हे बाह्या दुमडायला लागले होते. विचारलं की म्हणायचे, उकडतंय. मी वाट बघत होते की स्वतःहून सांगतील. नवऱ्याने सांगावं अशी वाट बघणं ही माझी चूक झाली, पुन्हा करायची नाही. त्या दिवशी सांगितलं तेव्हा मी रागावले नाही. रडले. मग रागावले.

तू ओळखलंस त्याबद्दल तुझ्या दोन्ही कानांना माझ्याकडून माफी. इकडे ये एकदा. हे तुला बोलावणार नाहीत, लाजतात.

ताई


२ ऑक्टोबर

दाजी,

ताईचं पत्र पोचलं. 'माफी' हा शब्द तिच्या हातचा मी पहिल्यांदाच वाचला, कागद जपून ठेवलाय.

हाताचे व्यायाम करा. रबराचा चेंडू दाबायला सांगितला असेल, तो दाबा, लिव्हरच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. आणि काळजी करू नका, जोर पूर्ण नाही आला तरी तलाव चुकणार नाही. मी येतो आणि कमी ताकदीच्या स्प्रिंगा घालून देतो, पाच किलोत लिव्हर येईल. प्लेटा थोड्या घसरतील, चढावर गाडी रडेल, पण चालेल.

मेहुणा


११ मार्च

मेहुणेबुवा,

तुझ्या ऑक्टोबरच्या पत्राचं उत्तर आत्ता देतोय, त्या कमी ताकदीच्या स्प्रिंगा घालू नकोस. क्लच निर्दोष आहे असं तूच लिहून दिलंस, आता त्याला शिक्षा कशाला?

हाताचं सांगतो. करंगळी अजून बधिर आहे आणि तशीच राहील असं दिसतं. जोर परत आलाय, अर्ध्याहून बराच जास्त, उजव्याइतका मात्र नाही. डॉक्टर खूश आहेत. बायकांची छोटी घड्याळं आता माझ्याच्याने होणार नाहीत. ती मी पलीकडच्या चौकातल्या घड्याळजीकडे पाठवतो. पहिल्यांदा पाठवलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता जातं.

काल रविवारी तलावावर जाऊन आलो. मी पुढे, तुझी ताई मागे. रस्ता मोकळा होता, गाडी अशी चालली की मी मोठ्याने हसत होतो. तुझी ताई म्हणाली, समोर बघा. तलावाशी तासभर बसलो.

परतताना ऊन चढलं होतं आणि गर्दी झाली होती. मोठ्या चौकात लाल दिवा लागला. न्यूट्रल काही सापडेना, जुन्या गाडीचं हे असंच असतं. लिव्हर दाबून धरून उभा राहिलो. समोरून माणसं रस्ता ओलांडत होती, एक बाई पोराला कडेवर घेऊन अगदी चाकासमोरून चालली होती. आणि माझा हात थकायला लागला. बोटं एकेक करून सैल होताना मला दिसत होती. गाडी बंद करायला उजवा हात किल्लीकडे न्यायचा, तर ब्रेक सुटला असता. मागच्या वर्षीचा मी असतो तर दात आवळून गप्प राहिलो असतो आणि काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

मी म्हणालो, "अगं, माझा हात सुटतोय."

ती माझ्या पाठीवर पुढे रेलली, काखेखालून हात घातला आणि माझ्या बोटांवर तिची बोटं ठेवून लिव्हर आवळून धरला. ती बाई पोराला घेऊन पलीकडे गेली. दिवा हिरवा होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. शेजारच्या रिकाम्या टेंपोतला ड्रायव्हर आमच्याकडे बघत होता, त्याला काय वाटायचं ते वाटो.

हिरवा दिवा लागला तेव्हा ती म्हणाली, "हळूहळू सोडते, तुम्ही सांगा." मी सांगत गेलो, ती सोडत गेली, आणि गाडी एकही झटका न देता निघाली.

तुझा,
दाजी